शून्याचा रकाना

"तुमच्या रकान्यात सतरा आणि प्रोफेसरांच्या रकान्यात शून्य," मार्केता म्हणाली. तिने तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि पेन्सिलीचं टोक त्या ओळीवर टेकवलं. "पाणी एकाच बाटलीतलं. मोजणारी माणसं दोन. मग दोन्ही आकडे खरे कसे असतील?"

"मी तीनदा मोजलं," मी म्हटलं.

"त्यांनी एकेचाळीस वर्षं मोजलंय, पुष्पकला."

तिचा आवाज चढला नव्हता. तिथे कुणाचाच चढत नसे. खिडकीबाहेर तळ्यावर धुकं होतं आणि खोलीतल्या हीटरचा टकटक आवाज येत होता. मी त्या तक्त्याकडे बघत बसले. एकच बाटली नव्हती ती, अशा सहा बाटल्या होत्या. सहाही ठिकाणी माझ्याकडे काही ना काही आकडा होता आणि त्यांच्याकडे शून्य.

ही दोन हजार तीन सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. साकोलीजवळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि चार महिन्यांसाठी चेक देशात, दक्षिण बोहेमियातल्या एका खेड्यात गेले होते. आमचा भंडारा-गोंदियाचा भाग तलावांचा. आमच्या कोहळी लोकांनी तीनशे वर्षांपूर्वी मातीच्या पाळी घालून ते बांधले. माझे वडील त्यातल्याच एका तलावाचे पाणकर होते, म्हणजे कुणाच्या भाताच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं ते ठरवणारे. तिकडच्या त्या मुलखातही सगळी तळी माणसानेच केलेली, मासे वाढवण्यासाठी. दोन्हीकडच्या विद्यापीठांनी मिळून तीन वर्षांचा करार केला होता. प्रश्न साधा होता. माशांना बाहेरून खाद्य घालायला लागलं की पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालाचं काय होतं? उत्तर सगळ्यांना अंदाजाने ठाऊक होतं. नाजूक जाती आधी जातात, दांडग्या उरतात आणि एक दिवस पाणी हिरवा रंग कालवल्यासारखं होतं. पण अंदाज वेगळा आणि मोजणी वेगळी. म्हणून दर गुरुवारी पाणी आणायचं, आयोडीन घालून ठेवायचं आणि अर्धं एकाने, अर्धं दुसऱ्याने सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं.

वाद होता तो एकाच जातीचा. चंद्रकोरीसारखी बारीक वाकलेली, केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी जाड. चेक भाषेत ते तिला स्रपेक म्हणत, म्हणजे छोटा विळा. स्वच्छ पाण्याशिवाय ती जगत नाही. केंद्रासमोरच्या तळ्याचं नाव होतं तिखी, म्हणजे निवांत. त्या तळ्यात माशांना खाद्य घालायला बंदी होती आणि त्या बंदीमागे मोठं कारण हीच स्रपेक होती. प्रोफेसरांच्या नोंदींनुसार गेल्या दोन वर्षांत ती तिथून नाहीशी झाली होती. प्रकल्पाच्या लेखाचा सगळा डोलारा त्या नाहीसं होण्यावर उभा होता.

आणि मला ती दिसत होती.

---

प्रोफेसर ओटाकार स्लाविक सत्तरीला आले होते. उंच, वाकलेले, कोटाच्या कोपरांना चामड्याची ठिगळं. निवृत्त झाले होते, पण केंद्रातली पहिल्या मजल्यावरची खोली त्यांच्याकडून कुणी मागून घेतली नव्हती. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

केंद्रात पंधरा-सोळा माणसं होती. सकाळी जिन्यात भेटली की "दोब्री देन" म्हणायची, संध्याकाळी पुन्हा म्हणायची. वाईट कुणीच नव्हतं. माझ्या खोलीतला बल्ब गेला तर तासाभरात बदलून मिळायचा. पण जेवणाच्या वेळी सगळे आपापला डबा घेऊन आपापल्या टेबलाशी जात आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजले की इमारत रिकामी होई. प्रत्येकाचं जंगलात कुठे ना कुठे छोटं घर होतं. मग सोमवार सकाळपर्यंत मी, तळमजल्यावरचा बॉयलर आणि समोरचं पाणी. एका बर्नरच्या शेगडीवर मी भात करायची. एका रविवारी माझ्या ध्यानात आलं की शुक्रवारपासून मी तोंडातून एकही शब्द काढलेला नाही. आवाज आहे की गेला ते बघायला मी खिडकीत उभी राहून आमच्या गावच्या तलावांची नावं मोठ्याने म्हटली.

आठवड्यातून एकदा कार्ड घालून दादाला फोन करायची. माझं लग्न झालेलं नव्हतं, मी दादाकडेच राहायची.

"जेवलीस का?" तो विचारायचा.

"जेवली."

"थंडी लय आहे म्हणतेत तिकडं. कायले गेलीस बापा इतक्या दूर? शेवाळ तं आपल्या गावच्या बोडीच्या पाण्यात बी आहे."

मी हसायची आणि कार्डावरची मिनिटं संपायची.

या सगळ्यात बोलणारं माणूस म्हणजे एकटे स्लाविक सर. पहिल्या आठवड्यातच त्यांनी माझ्या दारावर टकटक केली आणि विचारलं, "तुमच्याकडे तळी कोणी बांधली?" मी सांगितलं. पाळ कशी घालतात, पाणी कसं वाटतात, पाणकर म्हणजे काय, सगळं. ते मान किंचित बाजूला वळवून ऐकत. समोरच्याकडे सरळ न बघण्याची ही त्यांची पद्धत मला फार अदबीची वाटली. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे तुमचे वडील आणि माझे आजोबा एकाच कामावर होते." त्यांचे आजोबा तिखीच्या झडपेचे राखणदार होते.

तेव्हापासून रोज चार वाजता त्यांच्या खोलीत लिंबाचा चहा. कपात बोट घालून ते चहा ओतायचे आणि मग मला वर्तमानपत्रातलं, पत्रातलं, कधी बाटलीवरच्या चिठ्ठीवरचं काहीतरी वाचून दाखवायला सांगायचे. "तुमचं इंग्रजी ऐकायला बरं वाटतं," म्हणायचे. वयस्कर माणूस, एकटा आहे, कुणाचा तरी आवाज ऐकावासा वाटत असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. मलाही वाचायला आवडायचं. माझा दिवस त्या चार वाजण्याकडे बघत जायचा.

त्यामुळे मार्केताने तो तक्ता पुढे केला तेव्हा मला पहिली भीती लेखाची वाटली नाही.

"मी स्वतः शैवाल ओळखू शकत नाही," मार्केता म्हणाली. ती प्रकल्पाची समन्वयक, तिशीतली, आकडेशास्त्रातली हुशार मुलगी. "मला सगळं सारखंच दिसतं. म्हणून असं करू. तुम्हाला ती सापडली की स्लाइड तशीच ठेवा आणि प्रोफेसरांना दाखवा. ते हो म्हणाले तर मी सगळे आकडे बदलते. नाही म्हणाले तर तुमचा रकाना काढून टाकावा लागेल. आणि मग पुढच्या तीन वर्षांत तुमच्या तलावांची मोजणी कोणी करायची, तेही बघावं लागेल. तुमच्यावर राग नाही हा."

"कळलं," मी म्हटलं.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बसले ती दुपारी तीनपर्यंत उठले नाही. अकराव्या स्लाइडवर ती सापडली. संपूर्ण, न मोडलेली. माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमध्ये एक बारीक काळा काटा होता, एखादी गोष्ट दुसऱ्याला दाखवण्यासाठी असतो तसा. मी स्लाइड हळूहळू सरकवत तिला बरोबर मध्यावर, काट्याच्या टोकाशी आणली. पुन्हा पुन्हा बघितली. मग मार्केताला आणि सरांना बोलावलं.

मार्केता वही घेऊन दाराशी उभी राहिली. सर खुर्चीत बसले. चष्मा काढून खिशात ठेवला, दोन्ही हातांनी सूक्ष्मदर्शकाचा दांडा धरला आणि वाकले.

बराच वेळ गेला. त्यांनी फोकस वरखाली केला. एकदा डोळे पुसले आणि पुन्हा वाकले.

"काट्याच्या टोकाला, सर," मी म्हटलं.

"काटा दिसतोय," ते म्हणाले. मग मान वर करून माझ्याकडे, म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे बघत म्हणाले, "रिकामं आहे, पुष्पकाला. माफ करा."

माझं नाव ते असंच उच्चारायचे.

ते उठले आणि मी बसले. आयपीसला डोळे लावले. ती तिथेच होती. तसूभरही हलली नव्हती. काट्याचं टोक तिच्या पाठीला लागून होतं.

त्या क्षणी मला कळलं की हे माणूस खोटं बोलत नाहीये. याला दिसत नाहीये. आणि कपातलं बोट, वाचून दाखवायला लावणं, त्यांच्या हातच्या चिठ्ठ्यांवरची मोठी मोठी होत गेलेली अक्षरं, हे सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

"मग?" मार्केताने विचारलं.

मी डोळे आयपीसवरून काढले नाहीत. हो म्हटलं असतं तर मार्केताने विद्यापीठातून तिसरा माणूस बोलावला असता. त्याने पाच मिनिटांत काय ते सांगितलं असतं. दोन वर्षांची मोजणी रद्द झाली असती. कदाचित त्यामागची आणखी दोन वर्षंही. पहिल्या मजल्यावरची ती खोली, तो चहा, ते चार वाजणं. आणि हे सगळं करणारी कोण, तर चार महिन्यांसाठी आलेली पाहुणी.

"सरकली वाटतं," मी म्हटलं. मग माझंच मला ते अपुरं वाटलं म्हणून पुढे म्हणाले, "नाही, मी पुन्हा बघितलं. धागा असावा. माझीच चूक झाली."

मार्केताने वहीत काहीतरी लिहिलं. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पहिल्या वर्षी माझंही असंच झालं होतं," ते म्हणाले. "जे बघायची इच्छा असते ते दिसायला लागतं. चला, चहा घेऊ."

"तुम्ही पुढे व्हा, मी आवरून येते," मी म्हटलं.

ते दोघं गेल्यावर मी त्या स्लाइडच्या कडेला ग्लिसरीनचा थेंब सोडला, त्यासाठीच ठेवलेल्या नेलपॉलिशने चारी कडा बंद केल्या, तारीख घातली आणि ती माझ्या पेटीत तळाशी ठेवली. का ठेवली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

चहाला मी गेले. वर्तमानपत्रही वाचून दाखवलं.

---

नोव्हेंबरात तिखी रिकामं केलं. तिकडे दर दोन-तीन वर्षांनी असं करतात. झडप उघडून पाणी सोडून देतात, उरलेल्या डबक्यात मासे गोळा होतात आणि जाळी लावून ते काढतात. सगळं गाव लोटलं होतं. रबरी पोशाख घातलेले कोळी छातीपर्यंत चिखलात उभे होते. हाताएवढे कार्प मासे उड्या मारत होते. बायका रम घातलेला चहा वाटत होत्या. मी सरांबरोबर बांधावर उभी होते. त्या दिवसानंतर ते माझ्याशी आणखीच जपून वागू लागले होते. मला कामात कच्ची समजून समजावून सांगत. तोच ममताळूपणा मला सोसेना झाला होता, म्हणून मी चार वाजता काही ना काही सबबी सांगायला लागले होते. डोकं दुखतंय, पत्र लिहायचंय. एकदा तर त्यांची पावलं ऐकून मी दिवा मालवून गप्प बसले होते. ज्यासाठी खोटं बोलले तेच मी माझ्या हाताने घालवत होते.

"माझ्या आजोबांनी ही झडप तीस वर्षं सांभाळली," सर म्हणाले. "दर वेळी तळं रिकामं व्हायचं, पुन्हा भरायचं आणि स्रपेक परत यायची. चिखलात राहते ती. आता नाही येणार. गेली. माझ्या हयातीत गेली, याचं वाईट वाटतं. माझ्यानंतर जायला हवी होती."

"सर," मी म्हटलं.

"हं?"

खाली जाळं वर आलं आणि लोकांनी मोठा गिल्ला केला. त्यांनी तिकडे मान वळवली.

डिसेंबरच्या बारा तारखेला मी निघाले. छोट्या स्टेशनवर पोचवायला एकटे सरच आले. माझी बॅग त्यांनी मला उचलू दिली नाही. फलाटावर बर्फ होतं आणि आम्ही दोघंच होतो. गाडीला पाच-सात मिनिटं असताना त्यांनी एकाएकी विचारलं, "त्या दिवशी काट्याच्या टोकाला काही होतं का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा बाजूला वळलेला होता, पण डोळे माझ्याकडे होते.

"मला खरं सांगा," ते म्हणाले. "मी कुणाला बोलणार नाही."

"नाही, सर," मी म्हटलं. "काही नव्हतं."

त्यांनी श्वास सोडला. तोंडातून मोठी वाफ निघाली. मग ते हसले, इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. गाडी सुटल्यावरही ते बराच वेळ हात हलवत होते. पण माझ्या डब्याकडे बघून नाही, पुढच्या डब्याकडे बघून.

---

लेख मार्चमध्ये छापून आला. त्यात माझं नाव होतं, माझे आकडे नव्हते. पुढच्या तीन वर्षांसाठी आमच्या भागातून दुसऱ्याच कॉलेजाचे तलाव निवडले गेले. आमच्या प्राचार्यांनी मला एकदा विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, जमलं नाही.

जुलैत मार्केताचा ईमेल आला. चौकशीचा होता, प्रेमाने लिहिलेला. शेवटी तिने लिहिलं होतं की स्लाविक सरांनी काम थांबवलं आहे. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. कडेचं अंधुक दिसतं, समोर ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. "डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यातच आले असते तर निदान डावा डोळा राखता आला असता. पण त्यांना म्हणे तेव्हा कुणीतरी खात्री दिली होती की डोळे ठीक आहेत. कुणी दिली ते सांगत नाहीत."

कॉलेजच्या संगणकाच्या खोलीत पंखा फिरत होता. मी ते वाक्य किती वेळा वाचलं कोण जाणे. स्टेशनवर त्यांनी मला स्रपेकबद्दल विचारलंच नव्हतं.

आणि समोर बघावं तेच दिसत नाही, हे वाचून आणखी एक गोष्ट कळली. मोजताना तर ते एकेका जागेवर नजर रोखून बघायचे. मोठी शैवालं कडांनी दिसत राहिली, बारीक ती नेमकी नजरेखालीच हरवत गेली. त्या दिवशी मी स्लाइड थोडी वेडीवाकडी ठेवली असती, ती जरा कडेला राहिली असती, तर बहुधा त्यांना दिसली असती. मी मोठ्या काळजीने तिला बरोबर मध्यावर आणली होती.

एवढं कळल्यावर मी लगेच काही केलं असेल असं वाटेल. मी केलं नाही. सव्वा वर्ष मी ती पेटी उघडली नाही. शिकवायला जायची, वह्या तपासायची, घरी यायची. दादाने एकदा विचारलं, "परदेशातून आल्यापासून तू बोलतच नाहीस, काय झालं तुले?" मी म्हटलं, काही नाही, काम जास्त आहे.

मग दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात मार्केताचा आणखी एक ईमेल आला. लेखाचा आधार घेऊन तिखीवरची बंदी उठली होती. जपायचं ते तिथे उरलंच नाही, तर बंदी कशाला, असं मच्छीमारांच्या संघाचं म्हणणं पडलं होतं आणि ते मान्य झालं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी गर्द हिरवं झालं होतं. सोबत फोटो होता.

मी पेटी उघडली. स्लाइड शाबूत होती. नागपूरला कॅमेरा लावलेला सूक्ष्मदर्शक होता, तिथे जाऊन फोटो काढले. मग सगळं लिहिलं. किती, कुठे, कोणत्या तारखांना, आणि त्या दिवशी माझ्यासमोर ती होती, तरी मी नाही म्हटलं, हेही. सरांच्या डोळ्यांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. ते पान ज्या मासिकात लेख आला होता त्याला पाठवलं आणि एक प्रत मार्केताला.

मार्केताने दोन ओळींचं उत्तर दिलं. त्यानंतर तिचा ईमेल कधी आला नाही. दुरुस्ती दुसऱ्या वर्षी अर्ध्या पानात छापून आली. पुढे दोन वर्षांनी तिखीवर पुन्हा बंदी आली, पाणी हळूहळू निवळलं असं मी वाचलं. स्रपेक मात्र आजवर कुणाला तिथे सापडलेली नाही. काहीजण म्हणतात, चिखलात असेल. काहीजण म्हणतात, त्या मधल्या उन्हाळ्यांत संपली. खरं काय ते मला ठाऊक नाही.

---

फोन आला तो दुरुस्ती छापून आल्यानंतर महिन्याभराने. मी प्रॅक्टिकलच्या तयारीत होते. शिपाई सांगत आला, "मॅडम, परदेशातून कुणी बोलताहेत, प्राचार्यांच्या खोलीत."

प्राचार्य फाईल उघडून बसले होते, त्यांनी मला खुणेनेच खुर्ची दाखवली. मी उभीच राहिले.

"पुष्पकाला?"

"सर," मी म्हटलं.

"लिबुशाने मला फोन लावून दिला," ते म्हणाले. लिबुशा म्हणजे केंद्रात काचसामान धुणाऱ्या बाई. "तुमचं पान मला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं."

"सर, मला माफ..."

"थांबा. मला आधी एक विचारू द्या. स्टेशनवर का नाही सांगितलंत? सूक्ष्मदर्शकापाशी समजू शकतो, मार्केता होती. पण स्टेशनवर आपण दोघंच होतो."

प्राचार्यांनी पान उलटलं. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि खिडकीकडे तोंड केलं. बाहेर मुलांच्या सायकली रांगेत उभ्या होत्या.

"तिथे तुमच्याशिवाय माझ्याशी कुणी बोलत नव्हतं," मी म्हटलं. "मला वाटलं, सांगितलं तर तेवढंही जाईल."

बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मी खिडकी ओढून घेतली.

"मी दहा दिवस धीर गोळा करत होतो," ते म्हणाले. "घरात दिव्याकडे बघितलं की मधेच एक भोक दिसायचं. कुणाला विचारायचं? इथे सगळे मला चाळीस वर्षं ओळखतात. सगळे चांगले आहेत. सगळ्यांनी मला बरं वाटेल असंच सांगितलं असतं. मला वाटलं, ही परकी आहे, हिला माझी भीड नसेल."

मी रडत होते. प्राचार्य उठले, दार ओढून घेऊन बाहेर गेले.

"सर, डोळा..." मी म्हटलं.

"ते राहू द्या," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण ते पुन्हा बोलू नका असं त्यात स्पष्ट होतं. मग थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "कशी होती ती?"

"कोण?"

"ती. तुम्ही बघितलीत ती. मी पाच वर्षांत बघितलेली नाही."

मी डोळे पुसले. "बारीक होती," मी म्हटलं. "आयोडीनने तांबूस झालेली. दोन्ही टोकं आत वळलेली, डावं जरा जास्त."

"मधे जागा होती? कोरी?"

"होती. अगदी मधोमध. दोन्ही बाजूंना दाणे होते, ओळीत."

"किती?"

"एका बाजूला पाच. दुसऱ्या बाजूला मोजता आले नाहीत, काट्याच्या सावलीत होते."

"आसपास दुसरी कुठली होती?"

"नाही. एकटीच होती."

"हं," ते म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि मग ते बसल्याचा. "बरं. आता आधीच्या. ऑगस्टपासून सांगा. सावकाश सांगा, मला घाई नाही."

तासाची घंटा झाली. व्हरांड्यातून मुलं धावत प्रयोगशाळेकडे गेली. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, प्राचार्यांची खुर्ची ओढून बसले आणि ऑगस्टपासून सांगायला लागले.